एकशेदहा, सव्वाशे, पावणेतीनशे: कंपवाताच्या गोळीचं परीक्षण

सांगली-मिरजेच्या औषध दुकानांत 'थरथरीची गोळी द्या' असं म्हणून जी मागितली जाते, ती बहुतेक वेळा लेवोडोपा आणि कार्बिडोपा या दोन औषधांची एकत्र गोळी असते. सिंडोपा, टिडोमेट अशा कंपन्यांच्या नावांनी ती मिळते, जनऔषधी केंद्रात नुसत्या औषधाच्या नावाने. 'थरथरीची गोळी' हे नाव मात्र थोडं चुकवणारं आहे. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, अंग ताठणं आणि हालचाल मंदावणं यांवर ही गोळी खात्रीने काम करते, थरथरीवर तितक्या खात्रीने नाही. काहींची थरथर अर्धीच कमी होते आणि घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. तेव्हा परीक्षा थरथरीवरून करू नका. शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो, अंथरुणात कूस बदलता येते का, भाकरीचा तुकडा मोडताना बोटं चालतात का, यावरून करा.

मत आधीच सांगून टाकतो. कंपवातावर आजही याहून चांगली गोळी नाही. ती परवडते, गावोगाव मिळते, आणि नीट घेतली तर माणूस पुन्हा चालता-फिरता होतो. तिच्यात दोषही आहेत, पण ते दुकान बदलून किंवा कंपनी बदलून जाणारे नाहीत. ते घालवायचे तर संशोधन लागेल, आणि त्यातलं बरंचसं सरकारने पैसा ओतल्याशिवाय होणार नाही. ही गोळी स्वतःच त्याचा पुरावा आहे.

आधी पाकिटावरचे आकडे, कारण काउंटरवरचे सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. दोन्ही औषधांच्या मिलिग्रॅमची बेरीज करून गोळीला नंबर दिलेला असतो. एकशेदहा म्हणजे लेवोडोपा १०० आणि कार्बिडोपा १०. सव्वाशे म्हणजे लेवोडोपा १०० आणि कार्बिडोपा २५. पावणेतीनशे म्हणजे लेवोडोपा २५० आणि कार्बिडोपा २५. याशिवाय सावकाश विरघळणारी सीआर गोळी असते, तिच्यात सव्वाशे (१०० आणि २५) आणि अडीचशे (२०० आणि ५०) असे दोन प्रकार. म्हणजे 'सव्वाशे' या एकाच आकड्याच्या दोन गोळ्या झाल्या. आतलं औषध तेवढंच, पण एक अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि दुसरी रेंगाळत. साधीच्या जागी सीआर हातात पडली की सकाळी पेशंट तासभर खुर्चीतून उठत नाही, आणि कुणाला कारण सापडत नाही. सीआरमधलं औषध शरीराला साध्या गोळीइतकं पूर्ण मिळतही नाही, साधारण ७० टक्के मिळतं. म्हणून एकीच्या जागी दुसरी, असा बदल दुकानात उभ्या उभ्या करायचा नाही. चिठ्ठीवर नंबर लिहू नका. 'लेवोडोपा १०० + कार्बिडोपा २५, साधी' असं पूर्ण लिहा आणि पट्टीच्या मागचं बारीक अक्षर दुकानातच वाचून घ्या.

आणखी एक चूक पावणेतीनशेची गोळी अर्धी करताना होते. अर्ध्या गोळीत लेवोडोपा १२५ आणि कार्बिडोपा फक्त साडेबारा येतं. ती 'सव्वाशे' नव्हे.

कार्बिडोपाचं काम काय, हे कळलं तर मळमळीची निम्मी तक्रार सुटते. कंपवातात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल चालवणारं रसायन, कमी पडतं. लेवोडोपाचं रूपांतर डोपामिनमध्ये व्हायला हवं ते मेंदूत. पण आतड्यात आणि रक्तात एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं, ते वाटेतच रूपांतर करून टाकतं. वाटेत तयार झालेलं डोपामिन मेंदूत जाऊ शकत नाही, त्याने नुसतं मळमळतं आणि रक्तदाब उतरतो. कार्बिडोपा त्या विकराला बाहेरच अडवतं. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. आता हिशेब करा: एकशेदहाच्या तीन गोळ्यांत ते होतं ३०, सव्वाशेच्या तीन गोळ्यांत ७५. लेवोडोपा दोन्हीकडे ३०० च. म्हणून सुरुवातीलाच एकशेदहाने उलटी येत असेल तर गोळी फेकून देऊ नका. 'सव्वाशे चालेल का' एवढंच डॉक्टरांना विचारा. आमच्या मते सुरुवातीला कमी डोसवर असलेल्या पेशंटसाठी सव्वाशेची साधी गोळी हीच या सगळ्यांत सरस.

किमतीचं म्हणाल तर ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, २०२२ च्या यादीतही. त्यामुळे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार तिच्या किमतीला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे आणि ती मोठ्या कंपन्यांनाही लागू आहे. जनऔषधीची गोळी त्याहून स्वस्त पडते. एका कंपनीवरून दुसरीवर जायला हरकत नाही, पण बदल महिन्याच्या सुरुवातीला एकदाच करा आणि पुढचे दोन आठवडे वेळेची नोंद ठेवा. दर पट्टीला वेगळी कंपनी असं झालं तर बिघाड गोळीत आहे की आजारात, हे कुणालाच सांगता येणार नाही. घरात निदान पंधरा दिवसांची गोळी शिल्लक असावी. कृष्णेला पूर आला की सांगलीत दुकानं किती दिवस बंद राहतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ठेवण्याबद्दल. लेवोडोपाला हवा आणि ओल सोसत नाही, गोळी काळपट पडते. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत सुट्ट्या गोळ्या भरून ठेवायची पद्धत पावसाळ्यात म्हणूनच नको. पट्टीचे कात्रीने चौकोन कापा आणि गोळी आत तशीच ठेवून ते चौकोन डबीत घाला. थरथरत्या बोटांना फॉइल फोडणं जमत नाही. त्यासाठी चौकोनाचा एक कोपरा घरच्यांनी आधी थोडा चिरून ठेवावा, मात्र आजच्या दिवसापुरताच. गोळी चालू असताना लघवी आणि घाम काळसर होऊ शकतो, पांढऱ्या बनियनवर डाग पडतात. त्याने घाबरू नये.

घ्यायची कशी, यावर या गोळीचं निम्मं यश अवलंबून आहे. ती शोषली जाते लहान आतड्याच्या वरच्या भागात. पोट भरलेलं असेल तर ती जठरातच अडकते. शिवाय प्रथिनं पचून तयार झालेली अमिनो आम्लं आणि लेवोडोपा यांचं दार एकच, आतड्यातही आणि मेंदूच्या उंबऱ्यावरही. मटकीची उसळ, दूध, अंडी, मटण खाल्लं की त्या दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. म्हणून जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, किंवा जेवणानंतर दीड तासाने, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नाही. डॉक्टरांनी चार वेळा सांगितली असेल तर सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ या वेळा आपल्याकडच्या दिनक्रमात नेमक्या बसतात: पावणेआठला नाश्ता, बाराला जेवण, पावणेचारला चहा, आठला रात्रीचं जेवण. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर मूठभर साधे मुरमुरे किंवा खारी चालेल. भडंग नको, त्यात शेंगदाणे असतात. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर दोघींत दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लेवोडोपाला धरून बसतं. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका, पोट तुंबलं की गोळीही तुंबते. आणि प्रथिनं एकदम तोडू नका. दिवसभर चढ-उतार व्हायला लागले असतील तरच उसळ-अंडी रात्रीच्या जेवणाकडे सरकवायची, एकूण प्रमाण तेवढंच ठेवून. प्रथिनं तोडून वजन उतरलेला पेशंट पडतो, आणि खुबा मोडला की सगळंच अवघड होतं.

सीआर गोळी चावायची नाही, कुटायची नाही. साधी गोळी गिळवत नसेल तर डॉक्टरांना विचारून कोमट पाण्यात विरघळवून देता येते.

आता दोष. रक्तात लेवोडोपाचं प्रमाण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीची काही वर्षं हे जाणवत नाही, कारण मेंदूतल्या शिल्लक पेशी डोपामिन साठवून ठेवतात. आजार पुढे गेला की साठवणारे उरत नाहीत आणि माणूस गोळीच्या घड्याळावर चालू लागतो: गोळी चढली की मोकळा, उतरली की जाम. पुढे डोस वाढवला की अंग आपोआप वळवळायला लागतं. घरचे या वळवळीलाच आजार वाढला असं समजतात आणि आणखी गोळी देतात. त्याने वळवळ उलट वाढते. डॉक्टरकडे जाताना 'बरं वाटत नाही' असं मोघम सांगू नका. तीन दिवसांची वही न्या. प्रत्येक अर्ध्या तासापुढे एकच अक्षर: मो (मोकळा), जा (जाम), व (वळवळ), झो (झोप), आणि गोळीच्या वेळेला टिंब. त्या एका पानावरून न्यूरॉलॉजिस्ट डोस दिवसभरात कसा विभागायचा ते ठरवू शकतो.

दुसरा मोठा बिघाड गोळीत नसतो, शेजारच्या पाकिटात असतो. आम्लपित्ताच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं. नावात 'लेव्हो' दोघांच्याही आहे, काम मात्र एकमेकांच्या विरुद्ध: लेवोडोपा डोपामिन देते, लेव्होसल्पिराइड डोपामिनचं दार बंद करतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठीचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचाही तोच प्रकार. चक्करेची गोळी महिनोन् महिने चालू ठेवल्यामुळे धडधाकट माणसालाही कंपवातासारखी लक्षणं होतात आणि ती बंद केल्यावर बहुतेकदा हळूहळू ओसरतात. म्हणून लेवोडोपा सुरू करण्याआधी घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. उलटीसाठी डॉम्पेरिडोन चालतं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. हृदयाचा त्रास असेल तर त्याआधी ईसीजी बघून घ्यावा.

गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करायची नाही, कधीच नाही. अंग ताठून जोराचा ताप चढू शकतो, भान हरपू शकतं, जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवताना हीच चूक होते. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा आणि ही गोळी घोटभर पाण्याबरोबर चालेल का ते विचारून घ्या.

खाजकुयलीबद्दल सांगणं भाग आहे, कारण आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात कौंचबीज चूर्ण मागणारे पुष्कळ असतात. कुयलीच्या बियांत लेवोडोपा खरोखरच असतं, साधारण ४ ते ६ टक्के. लंडनमध्ये आठ पेशंटवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम पूड नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर चढली होती. पण दुकानातल्या कुठल्या पुडीत किती टक्के, हे पुडीवर नसतं, आणि कार्बिडोपा त्यात नाही. एका चमच्याने शंभर मिलिग्रॅमचा फरक सहज पडतो. गोळी चालू असताना वरून हे चूर्ण घेतलं की वळवळ आणि भास वाढतात, आणि डॉक्टरला त्याचा पत्ता नसतो. चूर्ण वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. मोजमाप नसलेलं औषध या आजारात चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका समजुतीने होतं: 'ही गोळी पाच वर्षंच चालते, म्हणून जितकी उशिरा सुरू करू तितकं बरं.' या भीतीपोटी माणसं दोन-दोन वर्षं पडत-झडत काढतात. या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे, आणि ते सरकारी पैशातून मिळालेलं आहे. नेदरलँड्समध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या निधीतून ४४५ पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना लगेच लेवोडोपा १०० अधिक कार्बिडोपा २५ दिवसातून तीन वेळा, उरलेल्यांना ४० आठवडे औषध नसलेली खोटी गोळी आणि मग खरी. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, पण काही बिघडलंही नाही. हे २०१९ मध्ये छापून आलं. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी निधीतल्या १,६२० पेशंटच्या अभ्यासाने दाखवलं होतं की लेवोडोपाने सुरुवात केलेल्यांची चालण्या-फिरण्याची स्थिती इतर गोळ्यांनी सुरुवात केलेल्यांपेक्षा थोडी पण टिकून चांगली राहते. असल्या चाचणीला औषध कंपनी कशाला पैसे घालेल? गोळीचं पेटंट कधीच संपलेलं, उत्तर काहीही आलं तरी विक्रीत फरक नाही. फरक पडतो तो गोळी घ्यायला घाबरून घरात बसलेल्या माणसाला.

मुळात गोळी आली तीही अशीच. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी औषधाने निपचित पाडलेले ससे लेवोडोपाने पुन्हा हलवले. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात दिसलं की कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन संपलेलं असतं. पण पोटातून देऊन माणूस चालता करणारी रीत बसवली ती जॉर्ज कॉटझियास यांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. पैसा होता तिथल्या अणुऊर्जा आयोगाचा. मँगनीजची विषबाधा झालेल्या खाणकामगारांना कंपवातासारखाच त्रास होतो, तिथून त्यांनी धागा पकडला. त्यांच्या पेशंटना दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत डोपा (लेवोडोपा आणि त्याचं निरुपयोगी जोडरूप यांचं मिश्रण) द्यावं लागे. पुढे नुसतं लेवोडोपा वापरायला लागल्यावर आणि कार्बिडोपा जोडीला आल्यावर तेच काम काहीशे मिलिग्रॅमवर आलं. अणुऊर्जेच्या खात्याने मँगनीजवरच्या संशोधनाला पैसे दिले नसते तर आज आपल्या हातात काय असतं, सांगता येत नाही.

सरकारी पैशातून दर वेळी औषध निघतं असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने क्रिएटिनवर (व्यायाम करणारे स्नायूंसाठी घेतात ती पूड) १,७४१ पेशंट घेऊन केलेली चाचणी २०१३ मध्ये थांबवावी लागली, फायदा दिसेना. इसराडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचं तेच झालं. मधुमेहाच्या एक्झेनाटाइडवर ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून झालेली मोठी चाचणीही २०२५ मध्ये नकारार्थी निघाली. हा पैसा वाया गेला असं आम्हाला वाटत नाही. क्रिएटिनचे डबे 'मेंदूसाठी' म्हणून गळ्यात मारणाऱ्यांना त्या चाचणीमुळेच ठाम नाही म्हणता येतं. अमेरिकेत १९९७ मध्ये पार्किन्सन संशोधनासाठी कायदा झाला, आणि २ जुलै २०२४ रोजी या आजाराविरुद्ध राष्ट्रीय आराखडा करण्याच्या दुसऱ्या कायद्यावर सही झाली.

आपल्याकडे हा पैसा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या वाटेने येतो. बंगळूरचं निमहान्स, दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा ही सरकारी ठिकाणं. सांगली जिल्ह्याच्या दृष्टीने आम्हाला एक प्रश्न सगळ्यात निकडीचा वाटतो. अमेरिकेत शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या सरकारी अभ्यासात २०११ मध्ये दिसलं की पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक हाताळलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट होतं. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते तणनाशक म्हणून विकलं जातं. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात पाठीवर पंप घेऊन वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्यांची मोजणी इथेच व्हायला हवी, तिथल्या आकड्यांवर भागणार नाही. कर्करोगासाठी परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू केला, म्हणून आज बोलायला आकडे आहेत. कंपवाताची तशी नोंदणी हवी, आणि तिच्यात 'कोणतं फवारलं, किती वर्षं' हा रकाना हवा.

चाचणीत भाग घ्यायची इच्छा असेल तर परिषदेच्याच 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया' या संकेतस्थळावर शोध घेता येतो. २००७ पासून ते चालू आहे. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत पार्किन्सन लिहा. निघालेल्या नोंदीत आधी भरती चालू आहे का ते पाहा, मग कुठल्या शहरात, मग 'सोर्स ऑफ मॉनेटरी ऑर मटेरियल सपोर्ट' हा रकाना. पैसा सरकारचा की कंपनीचा ते तिथे कळतं. संमतीपत्र मराठीत मागा, एक प्रत घरी न्या. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे २०१९ च्या नियमांनुसार त्यात लिहिलेलं असायला हवं. आणि एक गोष्ट आधीच विचारा: तपासणी 'गोळी उतरलेल्या' अवस्थेत आहे का? असेल तर आदल्या रात्रीपासून बारा तास गोळी बंद ठेवायला सांगतात. अशा वेळी मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळूरला एकट्याने जाणं शक्य नाही, सकाळी डब्यातून उतरताही येणार नाही. आदल्या दिवशी पोहोचा, सोबत धट्टाकट्टा माणूस न्या, आणि तपासणी संपल्या संपल्या घ्यायची गोळी त्याच्या खिशात असू द्या.